कोपऱ्यातला पक आणि निमिषातला फटका : आइस हॉकीतील एका सरावाचा इतिहास

आइस हॉकीच्या आजच्या सरावात दोन कृती एकमेकींना जोडून शिकवल्या जातात. मैदानाच्या टोकाशी, कठड्याला लागून सरपटणारा पक प्रतिस्पर्ध्याच्या आधी गाठून सुरक्षितपणे ताब्यात घेणे ही पहिली कृती, आणि ताब्यात आलेला पक न रेंगाळता, गोलरक्षकाला सावरायला अवधी न देता जाळ्याकडे मारणे ही दुसरी. सामना पाहणाऱ्याला या दोन्ही कृती खेळाडूच्या अंगभूत चपळाईतून आल्यासारख्या वाटतात. परंतु या खेळाचा सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास तपासला, तर दोन्हींचा जन्मकाळ दाखवता येतो आणि त्यांची कारणेही सांगता येतात. पहिल्या अर्धशतकात या कौशल्यांची फारशी निकड नव्हती. ती निकड नियमांनी निर्माण केली, गोलरक्षकांच्या बदलत्या पद्धतीने ती वाढवली, स्टिकच्या नव्या द्रव्याने ती भागवण्याची सोय केली, आणि कृत्रिम बर्फाची टंचाई असलेल्या एका देशाने तिच्यासाठी सरावाची शिस्तबद्ध पद्धत घडवली.

हा इतिहास समजण्यासाठी मैदानाची रचना आधी ध्यानात घ्यावी लागते. उत्तर अमेरिकेतील रिंक, म्हणजे बर्फाचे बंदिस्त मैदान, सुमारे 61 मीटर लांब आणि 26 मीटर रुंद असते. त्याचे चारही कोपरे गोलाकार असतात आणि सभोवती साधारण छातीपर्यंत पोहोचणारा कठडा असतो. पक ही कडक रबराची चकती असून तिचा व्यास सुमारे 7.6 सेंटिमीटर, जाडी 2.5 सेंटिमीटर आणि वजन 156 ते 170 ग्रॅम असते. ती उसळू नये म्हणून सामन्यापूर्वी गोठवून ठेवली जाते. प्रत्येक संघाचे गोलरक्षकासह सहा खेळाडू एका वेळी बर्फावर असतात. कठड्यामुळे पक सहसा मैदानाबाहेर जात नाही आणि जाळ्याच्या मागेही सुमारे साडेतीन मीटर खेळण्याजोगी जागा असते, ही दोन वैशिष्ट्ये या खेळाला हिरवळीवरच्या हॉकीपासून वेगळे करतात. कॅरमच्या पाटावरील सोंगटीप्रमाणे पक कठड्यावर आपटून दिशा बदलतो, म्हणून तो कुठे आहे यापेक्षा तो कुठे येणार आहे हे ओळखण्याला येथे अधिक महत्त्व येते.

बंदिस्त जागेत, जाहीर करून खेळलेला पहिला संघटित सामना 3 मार्च 1875 रोजी मॉन्ट्रियलच्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये झाला. जेम्स क्रायटन यांच्या पुढाकाराने झालेल्या त्या सामन्यात प्रत्येक बाजूला नऊ खेळाडू होते आणि उसळून प्रेक्षकांना लागण्याचा धोका नको म्हणून चेंडूऐवजी लाकडाची चपटी चकती वापरण्यात आली होती. 1877 मध्ये मॉन्ट्रियलच्या वृत्तपत्रात प्रसिद्ध झालेले नियम इंग्लंडमधील मैदानी हॉकीच्या नियमांच्या आधारे तयार झाले होते आणि त्यांत रग्बीप्रमाणे पुढे उभ्या असलेल्या सहकाऱ्याकडे पास देण्यास मनाई होती. या एका निर्बंधाचा परिणाम दूरगामी होता. पक पुढे न्यायचा तर तो स्वतः स्टिकवर खेळवत न्यावा लागे, त्यामुळे चकवत जाणारा एकेकटा खेळाडू हा त्या काळच्या खेळाचा केंद्रबिंदू ठरला. बचाव फळीतील खेळाडू संकटात सापडले की पक उंच उचलून दुसऱ्या टोकाला भिरकावत, आणि तो परत आणण्याचे काम विरुद्ध संघ फारशी घाई न करता करी. बहुतेक खेळाडू पूर्ण सामनाभर बर्फावर राहत, त्यामुळे सतत उसळत्या वेगाने धावण्याची अपेक्षाही त्यांच्याकडून करता येत नसे. बर्फ नैसर्गिक होता, हंगाम थंडीच्या मोजक्या महिन्यांचा होता आणि सराव म्हणजे मुख्यतः आपसांत खेळलेला सामना होता.

या स्थितीला पहिला धक्का कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरून बसला. फ्रँक आणि लेस्टर पॅट्रिक या बंधूंनी 1911 मध्ये व्हिक्टोरिया आणि व्हँकुव्हर येथे कृत्रिम बर्फाच्या रिंका उभारल्या आणि स्वतःची व्यावसायिक लीग सुरू केली. त्यांनी मैदानावर निळ्या रेषा आखून त्याचे तीन भाग केले आणि मधल्या भागात पुढे पास देण्याची मुभा दिली. 1917 मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल हॉकी लीगने, म्हणजेच एनएचएलने, ही कल्पना सावकाशीने आणि तुकड्यातुकड्यांनी स्वीकारली. 1928-29 च्या हंगामात आक्रमणाच्या क्षेत्रात पुढे पास देण्यावर बंधने असताना मॉन्ट्रियलचे गोलरक्षक जॉर्ज हेन्सवर्थ यांनी 44 सामन्यांपैकी 22 सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. असे कोरडे सामने प्रेक्षकांना पळवून लावतील या चिंतेने पुढच्या हंगामात तिन्ही क्षेत्रांत पुढे पास देण्याची परवानगी देण्यात आली, तेव्हा गोलांची संख्या जवळपास दुप्पट झाली. आक्रमक जाळ्यासमोर ठाण मांडून बसू लागल्याने डिसेंबर 1929 मध्ये आणखी एक दुरुस्ती करावी लागली, ती अशी की पक निळी रेषा ओलांडण्यापूर्वी कोणत्याही आक्रमकाने ती ओलांडता कामा नये. सहकाऱ्याने दिलेला पास येताक्षणी जाळ्याकडे मारणे ही गोष्ट डावपेच म्हणून रुजली ती या बदलानंतर, कारण त्यापूर्वी असा पास मिळण्याची सोयच नव्हती.

पक मागे जाऊन आणण्याच्या कौशल्याला मात्र दुसऱ्या दोन नियमांनी जन्म दिला. आघाडीवर असलेला संघ स्वतःच्या क्षेत्रातून पक वारंवार दुसऱ्या टोकाला भिरकावून वेळ काढू शकत असे. 1931-32 च्या हंगामात न्यूयॉर्क अमेरिकन्स आणि बॉस्टन ब्रुइन्स या संघांनी हा प्रकार इतक्या टोकाला नेला की एकाच सामन्यात अनेक डझन वेळा पक असा भिरकावला गेला, आणि अखेर 1937 मध्ये ‘आयसिंग’चा नियम आला. त्यानुसार असा निरुद्देश फटका मारल्यास खेळ थांबवून पुन्हा दोषी संघाच्याच टोकाला सुरू केला जातो. त्यानंतर 1943 मध्ये मैदानाच्या मधोमध लाल रेषा आखण्यात आली. तोवर स्वतःच्या निळ्या रेषेपलीकडे पुढे पास देता येत नसे आणि पक स्टिकवरच बाहेर न्यावा लागे, त्यामुळे पाचही आक्रमक पुढे सरकून समोरच्या संघाला त्याच्याच क्षेत्रात कोंडून ठेवत. लाल रेषेपर्यंत पास देण्याची मुभा मिळाली आणि ही कोंडी फुटली. न्यूयॉर्क रेंजर्सचे फ्रँक बाउचर यांचे नाव या सुधारणेशी जोडले जाते, आणि एनएचएलच्या इतिहासात आधुनिक कालखंडाची सुरुवात येथूनच मोजण्याचा प्रघात आहे.

लाल रेषेचा एक परिणाम तिच्या कर्त्यांच्या हेतूपलीकडचा होता. आयसिंगची मोजणी आता याच रेषेपासून होऊ लागल्याने ती ओलांडून पक खोलवर टाकला तर दोष लागत नसे. समोर बचावपटूंची भिंत उभी असेल तर तिच्यातून चकवत जाण्यापेक्षा पक कोपऱ्यात फेकावा आणि वेगाने धावत जाऊन तो परत मिळवावा, हा हिशेब उत्तर अमेरिकेतील प्रशिक्षकांना सोयीचा वाटला आणि ‘डंप अँड चेस’ या नावाने तो रूढ झाला. त्यामुळे बचावपटूपुढे एक अगदी नवे संकट उभे राहिले. त्याला वळून, मैदानाकडे पाठ करून कठड्याकडे धावावे लागे, पकवर नजर ठेवावी लागे, आणि त्याच वेळी पाठीमागून पूर्ण वेगाने येणाऱ्या, अंगावर आदळण्याचा नियमसंमत अधिकार असलेल्या आक्रमकाचा अंदाजही घ्यावा लागे. या संकटातून सुटण्याची जी युक्ती, तीच पुढे ‘पक रिट्रीव्हल’ या नावाने सरावाचा स्वतंत्र विषय झाली.

यावर पहिले लक्षणीय उत्तर एका गोलरक्षकाने दिले. मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचे जाक प्लांट 1950 च्या दशकात आपले जाळे सोडून मागे जात, कठड्यालगत येणारा पक अडवत आणि तो बचावपटूसाठी ठेवून देत किंवा स्वतःच पास देत. गोलरक्षकाने जाळे सोडणे तोवर बेजबाबदारपणाचे मानले जाई, परंतु प्लांट यांच्या या पद्धतीमुळे बचावपटूची धाव कमी झाली आणि आक्रमकाला कोपऱ्यात पोहोचेपर्यंत पक निघून गेलेला दिसू लागला. 1 नोव्हेंबर 1959 रोजी चेहऱ्यावर पक लागून जखमी झाल्यानंतर मुखवटा घालूनच बर्फावर परतण्याचा आग्रह धरणारे गोलरक्षकही हेच होते. त्यांची दुसरी कृती अधिक प्रसिद्ध आहे, मात्र खेळाच्या रचनेवर पहिलीचा परिणाम कमी झाला नाही.

नियमांनी कौशल्ये मागितली तरी त्यांचा पद्धतशीर सराव कॅनडात लगेच सुरू झाला नाही. मुले गोठलेल्या तळ्यांवर दिवसभर खेळत, त्यांतून काही असामान्य खेळाडू वर येत, आणि व्यावसायिक संघ त्यांनाच घेऊन लुटुपुटीचे सामने व स्केटिंगच्या फेऱ्या एवढ्यावर सराव संपवत. टोरंटोचे क्रीडाशिक्षक लॉइड पर्सिव्हल यांनी 1951 मध्ये ‘द हॉकी हँडबुक’ प्रसिद्ध करून या परंपरेला आव्हान दिले. स्केटिंग, पास आणि फटका यांचे घटक सुटे करून त्यांचे मापन करावे, प्रत्येकाची स्वतंत्र उजळणी करावी आणि आहार व शारीरिक तयारी यांनाही सरावाचा भाग मानावे, असे त्यांचे म्हणणे होते. एनएचएलमधील प्रशिक्षकांनी या पुस्तकाची उपेक्षाच केली. ते गांभीर्याने वाचले गेले ते सोव्हिएत संघात.

सोव्हिएत संघात कॅनेडियन पद्धतीच्या हॉकीची पहिली राष्ट्रीय स्पर्धा डिसेंबर 1946 मध्ये सुरू झाली. तिचे खेळाडू ‘बँडी’ या चेंडूने खेळल्या जाणाऱ्या बर्फावरील खेळातून आले होते, त्यामुळे मोठ्या मैदानावर सतत फिरत राहून पास देण्याची सवय त्यांच्या अंगी होती. कृत्रिम बर्फ मात्र त्यांच्याकडे नाममात्र होता. सैन्यदलाच्या संघाचे प्रशिक्षक अनातोली तारासोव्ह यांनी या उणिवेतूनच आपली पद्धत उभी केली. त्यांचे खेळाडू उन्हाळ्यात जमिनीवर धावत, वजने उचलत, कोलांट्या मारत, फुटबॉल खेळत, सहकाऱ्याला खांद्यावर घेऊन उड्या मारत. आणि बर्फ मिळे तेव्हा एकाच वेळी दोन-तीन कामे करावी लागतील असे व्यायाम करत, म्हणजे प्रत्यक्ष सामन्यातील घाई सरावातच अनुभवाला येई. पर्सिव्हल यांच्या पुस्तकाचे ऋण तारासोव्ह यांनी मोकळेपणाने मान्य केले होते. 1954 मध्ये स्टॉकहोम येथे पहिल्यांदाच जागतिक स्पर्धेत उतरलेल्या सोव्हिएत संघाने कॅनडाला 7-2 असे हरवून विजेतेपद मिळवले, आणि 1963 पासून 1971 पर्यंत सलग नऊ जागतिक विजेतेपदे अर्काडी चेर्निशेव्ह आणि तारासोव्ह या जोडीच्या मार्गदर्शनाखाली त्यांच्याकडे राहिली.

पक परत मिळवण्याविषयी सोव्हिएत विचार कॅनेडियन विचाराहून मुळातच निराळा होता. हातात असलेला पक कोपऱ्यात फेकणे म्हणजे मिळवलेली गोष्ट गमावणे, असे ते मानत. वाट बंद दिसली तर पक मागे नेऊन, पाचही जणांनी पुन्हा जुळवाजुळव करून नव्या वाटेने पुढे जावे, अशी त्यांची शिकवण होती. त्यामुळे कठड्याशी पक गाठणाऱ्या खेळाडूचा सराव त्यांच्याकडे एकट्याने होत नसे. तो पकपर्यंत पोहोचेल तेव्हा पास घेण्यासाठी सहकारी कोणत्या जागी आलेले असतील, हेही त्याच व्यायामात ठरलेले असे. कॅनेडियन पद्धतीने झुंजीतील धाडस आणि कठड्यावरची ताकद घडवली, तर सोव्हिएत पद्धतीने पक मिळवण्याआधीच पुढच्या पासची तयारी करण्याची बुद्धी घडवली. आजच्या सरावात या दोन्ही वारशांचा संगम दिसतो.

दोन्ही परंपरा सप्टेंबर 1972 मध्ये आठ सामन्यांच्या मालिकेत समोरासमोर आल्या. तारासोव्ह तोवर राष्ट्रीय संघापासून दूर झाले होते आणि व्हसेव्होलोद बोब्रोव्ह प्रशिक्षक होते; तरीही तारासोव्ह यांच्या मुशीतून निघालेल्या संघाने मॉन्ट्रियलमधील पहिलाच सामना 7-3 असा जिंकून कॅनडाचा आत्मविश्वास हादरवला. अखेर कॅनडाने मालिका जिंकली ती 28 सप्टेंबर रोजी मॉस्कोतील आठव्या सामन्यात, शेवटची 34 सेकंद उरली असताना पॉल हेंडरसन यांनी केलेल्या गोलामुळे. त्या गोलाची रचना या निबंधाच्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. सोव्हिएत खेळाडूने बाहेर काढायला मारलेला पक इव्हान कूर्नोये यांनी कठड्याजवळ अडवला आणि जाळ्यासमोर पाठवला. हेंडरसन यांना तो लागला नाही आणि ते घसरत जाऊन टोकाच्या कठड्यावर आदळले. तेवढ्यात मोकळा राहिलेला पक फिल एस्पोझिटो यांनी गाठून गोलरक्षक व्लादिस्लाव त्रेत्याक यांच्यावर मारला. आणि उठून जाळ्यासमोर आलेल्या हेंडरसन यांनी परतलेला पक एकदा मारला, तो अडवला गेल्यावर लगेच पुन्हा मारला आणि गोल झाला. कॅनडाच्या क्रीडास्मृतीत सर्वांत खोल रुजलेला हा गोल सुटलेला पक गाठणे आणि क्षणही न दवडता फटका मारणे, या दोनच कृतींच्या साखळीतून झालेला आहे.

या मालिकेनंतर उत्तर अमेरिकेत सरावाकडे पाहण्याची दृष्टी बदलू लागली. फिलाडेल्फिया फ्लायर्सचे प्रशिक्षक फ्रेड शिरो सोव्हिएत पद्धतीचा अभ्यास करण्यासाठी 1974 मध्ये मॉस्कोला गेले; त्यांचा संघ धसमुसळ्या खेळासाठी ओळखला जात असला, तरी कोपऱ्यातील पकवर कोणी जायचे आणि कोणी मागे थांबायचे हे त्यांनी काटेकोर ठरवून दिले होते. रॉजर नीलसन यांनी चित्रफितींच्या साहाय्याने चुका दाखवण्याची प्रथा आणली. 1980 च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये हर्ब ब्रूक्स यांच्या विद्यापीठीय खेळाडूंच्या अमेरिकी संघाने सोव्हिएत संघाला 4-3 असे हरवले, तेव्हा त्यांच्या तयारीतही सोव्हिएत पद्धतीचे फिरते पास आणि कठोर शारीरिक कसरत यांचा मोठा वाटा होता. त्याआधीच ओंटारिओतील ब्रँटफर्ड शहरात वॉल्टर ग्रेट्स्की यांनी घरामागच्या अंगणात पाणी गोठवून केलेल्या रिंकवर आपल्या मुलाला, वेन ग्रेट्स्की यांना, पक जाणार असेल तेथे आधी पोहोचायला शिकवले होते. पुढे वेन ग्रेट्स्की यांनी जाळ्यामागच्या जागेचा असा उपयोग केला की तेथून पक मिळवून समोरच्या सहकाऱ्याला पास देणे ही त्यांची ओळख बनली.

फटक्याचा इतिहास याच्या जोडीने पण वेगळ्या कारणांनी पुढे सरकला. सुरुवातीचा मुख्य प्रकार म्हणजे मनगटाचा फटका. त्यात पक स्टिकच्या पात्यावर टेकवून, ओढून आणि मनगटे फिरवून सोडला जातो. स्टिक मागे उगारून मारलेल्या जोरकस फटक्याला ‘स्लॅप शॉट’ म्हणतात. हॅलिफॅक्सच्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या लीगमधील एडी मार्टिन यांनी तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वापरला होता, असे संशोधकांनी नोंदवले आहे. मात्र व्यावसायिक लीगमध्ये तो 1950 च्या दशकात बर्नी जॉफ्रिऑन आणि त्यानंतर बॉबी हल यांच्यामुळे लोकप्रिय झाला. 1960 च्या दशकात हल आणि स्टॅन मिकिटा यांनी स्टिकचे पाते वाकवून घेतले, आणि वेगाबरोबर पकची दिशाही अनपेक्षित होऊ लागल्याने लीगला पात्याच्या वक्रतेवर मर्यादा घालाव्या लागल्या. स्लॅप शॉटमध्ये ताकद असली तरी स्टिक उगारण्यात वेळ जातो आणि त्या वेळात बचावपटू आडवा येतो, गोलरक्षक पुढे सरकतो. या त्रुटीवरचा उपाय न्यूयॉर्क आयलंडर्सच्या माइक बॉसी यांच्या खेळात दिसला. 1944-45 मध्ये मॉरिस रिशार यांनी 50 सामन्यांत 50 गोल केले होते. त्यांच्या या विक्रमाची बरोबरी 24 जानेवारी 1981 रोजी बॉसी यांनी केली, आणि त्यांचे बळ फटक्याच्या जोरापेक्षा पक स्टिकला लागणे व सुटणे यांतील अंतर जवळपास नाहीसे करण्यात होते. पाठोपाठ ब्रेट हल यांनी, आलेला पास न थांबवता थेट मारण्याच्या ‘वन-टायमर’च्या बळावर, 1990-91 च्या हंगामात 86 गोल केले.

फटका वेगाने सुटण्याची गरज गोलरक्षकांनी आणखी तीव्र केली. मुळात गोलरक्षकाने बर्फावर लोळण घेणे नियमबाह्य होते. एनएचएलने त्याला 1918 मध्ये परवानगी दिली. ग्लेन हॉल यांनी 1950 च्या दशकात गुडघे जवळ ठेवून पाय दोन्ही बाजूंना पसरण्याची पद्धत अवलंबली आणि 1980 च्या दशकात प्रशिक्षक फ्रांस्वा अलेअर व गोलरक्षक पॅट्रिक रॉय यांनी ‘बटरफ्लाय’ या नावाने तिचे शास्त्र बनवले. जाळ्याचा खालचा भाग पायांनी बंद झाला, संरक्षक साधने मोठी व हलकी झाली, आणि 1980 च्या दशकाच्या पूर्वार्धात दर 100 फटक्यांपैकी साधारण 87 अडवणारे गोलरक्षक पुढील तीन दशकांत 91 पर्यंत पोहोचले. स्थिर उभ्या असलेल्या गोलरक्षकाला दुरून आणि दिसणाऱ्या जागेवरून हरवणे कठीण झाल्यावर त्याला सरकायला लावून, त्याची जागा जुळण्याआधी मारणे हाच मार्ग उरला. ताशी 120 किलोमीटर वेगाने सुटलेला पक सहा मीटरचे अंतर 0.18 सेकंदांत कापतो, आणि डोळ्यांनी पाहून हालचाल सुरू करायला माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात. म्हणजे एवढ्या जवळून गोलरक्षक पकपेक्षा मारणाऱ्याच्या हालचालीवरून अंदाज बांधत असतो. ही पूर्वसूचना कमी करणे हाच झटपट फटक्याच्या सरावाचा गाभा आहे.

या सरावाला साधनांनी हातभार लावला. लाकडी स्टिकची जागा आधी ॲल्युमिनियमच्या दांड्यांनी आणि 2000 च्या सुमारास कार्बनतंतूंच्या एकसंध स्टिकांनी घेतली. अशी स्टिक हलकी असते. पकच्या किंचित मागे बर्फावर दाबली की तिचा दांडा वाकतो आणि सुटताना साठवलेली ऊर्जा पकला देतो. त्यामुळे मोठा हात न उगारता, पायांची ठेवण न बदलता, अगदी एका पायावर तोल असतानाही जोरदार फटका मारणे शक्य झाले. टोरंटोच्या ऑस्टन मॅथ्यूज यांनी पक आधी स्वतःकडे ओढून कोन बदलायचा आणि त्याच हालचालीत सोडायचा हा प्रकार इतका परिपूर्ण केला, की आज लहान मुलांच्या सरावातही तो स्वतंत्रपणे घोटून घेतला जातो.

पक गाठण्याच्या बाजूने निर्णायक वर्ष 2005 ठरले. 1990 च्या दशकात मधल्या क्षेत्रात सापळा लावून खेळ मंदावणाऱ्या संघांचा जोर वाढला होता आणि बचावपटूकडे धावणाऱ्या आक्रमकाला वाटेत अडकवून ठेवण्याकडे पंच काणाडोळा करत. 2005-06 च्या हंगामापासून अशा अडवणुकीला कठोर शिक्षा होऊ लागली, लाल रेषेपलीकडच्या लांब पासवरची बंदी उठली आणि जाळ्यामागे गोलरक्षकाला पक खेळता येईल असा समलंब चौकोनाचा मर्यादित भाग आखला गेला. पकवर पकड असलेल्या मार्टिन ब्रोड्यूअर यांच्यासारख्या गोलरक्षकांचा कोपऱ्यातील वावर त्यामुळे संपला. बचावपटूला सहकाऱ्याचा आडोसा राहिला नाही, गोलरक्षकाची मदत घटली आणि आक्रमक पूर्ण वेगाने येऊ लागला. आयसिंगच्या शर्यतीत होणाऱ्या गंभीर दुखापतींमुळे 2013 मध्ये नियम बदलून शर्यतीचा निकाल कठड्याच्या बराच अलीकडे ठरवला जाऊ लागला, परंतु खेळ चालू असतानाची कोपऱ्यातली धाव तशीच राहिली.

त्यानंतर या धावेची तपशीलवार पद्धत बांधली गेली. पकपर्यंत पोहोचण्याआधी खेळाडूने दोन-तीनदा खांद्यावरून मागे पाहावे, सरळ न जाता कोन साधून जावे, खांद्याच्या हुलीने एका बाजूला जाण्याचा भास निर्माण करून दुसऱ्या बाजूला वळावे आणि आपले शरीर पक व प्रतिस्पर्धी यांच्या मध्ये ठेवावे, हे क्रमाने शिकवले जाते. पाठमोऱ्या खेळाडूचे डोळे म्हणजे त्याचे सहकारी, म्हणून ठरलेल्या हाकांनाही सरावात स्थान मिळाले. ‘व्हील’ म्हणजे वेग न सोडता जाळ्यामागून वळसा घेणे, ‘रिव्हर्स’ म्हणजे पक आपल्या धावेच्या उलट दिशेला कठड्यावरून मागे सोडणे, ‘ओव्हर’ म्हणजे दुसऱ्या बाजूच्या बचावपटूकडे देणे आणि ‘रिम’ म्हणजे कठड्याच्या कडेने जोरात फिरवणे. आक्रमकांसाठी याचाच उलट व्यायाम असतो. प्रशिक्षक पक मुद्दाम वेडावाकडा कोपऱ्यात टाकतो, खेळाडू तो कठड्यावरून सोडवतो, वळतो आणि दुसरा स्पर्श न करता मारतो किंवा जाळ्यासमोरच्या सहकाऱ्याला देतो. पक उसळता येईल, चुकीच्या पायावर येईल, पाठीशी बचावपटू असेल, या साऱ्या अडचणी सरावात हेतुपुरस्सर ठेवल्या जातात.

या सरावाची दुसरी परंपरा घराघरांत वाढली. नोव्हा स्कॉशियातील कोल हार्बर येथे सिडनी क्रॉसबी यांनी लहानपणी तळघरात मारलेल्या पकांनी खाचखळगे पडलेले कपडे वाळवण्याचे यंत्र आज त्या प्रांतातील क्रीडासंग्रहात जतन केलेले आहे, आणि अशी यंत्रे, गॅरेजची दारे, अंगणातले लाकडी फळे हे कॅनडातील अनेक खेळाडूंचे पहिले गोलरक्षक होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय हॉकी संघटनेने 2009 मध्ये आखलेल्या बालखेळाडूंच्या कार्यक्रमात आठ वर्षांखालील मुलांसाठी रिंकच्या आडव्या, लहान तुकड्यावर खेळ घेण्याची पद्धत आली, कारण लहान जागेत प्रत्येक मुलाचा पकला वारंवार स्पर्श होतो आणि निर्णय भराभर घ्यावे लागतात.

भारतात या इतिहासाचे पडसाद हिमालयात उमटले आहेत. सिमल्याला 1920 पासून स्केटिंगची नैसर्गिक रिंक आहे. लडाखमध्ये सैनिकांनी गोठलेल्या तलावांवर हा खेळ रुजवला. आणि 1989 मध्ये भारतीय संघटना आंतरराष्ट्रीय महासंघाची सदस्य झाली. लडाखच्या खेळाडूंना नैसर्गिक बर्फ थंडीतले सुमारे दोन महिनेच मिळत आला आहे. तरीही भारतीय महिला संघाने 2017 मध्ये बँकॉक येथे फिलिपिन्सला हरवून पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला आणि 2025 मध्ये अल ऐन येथील आशियाई स्पर्धेत कांस्यपदक पटकावले. बर्फाविना काढलेल्या महिन्यांचा उपयोग कसा करावा, हा प्रश्न सात दशकांपूर्वी मॉस्कोत सोडवला गेला होता, आणि त्याचे उत्तर लेहमध्येही तितकेच लागू पडते.

या सर्व घडामोडींतून एक गोष्ट ठामपणे पुढे येते. कोपऱ्यातला पक गाठून निमिषात फटका मारणाऱ्या खेळाडूची चपळाई ही निसर्गाची देणगी म्हणून गौरवली जाते. परंतु त्या चपळाईत 1929 च्या पासच्या नियमापासून 2005 च्या दुरुस्त्यांपर्यंतचे निर्णय, प्लांट व रॉय यांनी बदललेले गोलरक्षण, पर्सिव्हल यांचे उपेक्षित पुस्तक, तारासोव्ह यांचे बर्फाविना सराव करणारे खेळाडू आणि असंख्य अंगणांतील हजारो फटके एकवटलेले असतात. जे घटकांत सुटे करता येते ते शिकवता येते, आणि जे शिकवता येते ते साधने तुटपुंजी असलेल्या मुलांपर्यंतही नेता येते. म्हणूनच एखाद्या मुलाला किंवा मुलीला ‘तुझ्यात ती चपळाई नाही’ असे सांगणाऱ्या प्रशिक्षकाचे म्हणणे या खेळाच्या इतिहासाशी विसंगत ठरते. इतिहासाची साक्ष अशी आहे की ही चपळाई प्रत्येक पिढीने मैदानाची नवी गरज ओळखून, पुन्हा पुन्हा सराव करूनच कमावलेली आहे.